काडेपेटीतला सांधा

आमच्या कारखान्याच्या गेटवर रोज सकाळी आठला पाच कमी असताना एकच नाटक व्हायचं. त्यातले संवाद सगळ्या शिफ्टला पाठ होते.

वॉचमन आत जाणाऱ्यांचे खिसे चाचपायचा. मिस्त्रींच्या शर्टाच्या खिशाशी त्याचा हात थांबायचा.

"काडेपेटी?"

"काडेपेटी."

"केमिकलच्या कंपनीत काडेपेटी नेतात काय?"

"उघडून बघ."

वॉचमन उघडून बघायचा. आत एकही काडी नसायची. तंगुसाचे, म्हणजे मासे गरवायच्या नायलॉन दोरीचे, दोन तुकडे असायचे. एक जाड, एक बारीक. वॉचमन पेटीचा वास घ्यायचा, ती उलटी करून झटकायचा आणि परत द्यायचा.

"रोज काय बघतोस रे तेच तेच?" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं.

"काल काड्या नव्हत्या, आज असल्या तर?" वॉचमन म्हणायचा.

आणि मिस्त्री त्याचीच बाजू घ्यायचे. "बरोबर हाय त्याचं. रोजच बघायला पाहिजे."

हे झाल्यावर मिस्त्री आत जायचे. किंवा जायचे नाहीत. महिन्यातून एखाददुसऱ्या दिवशी खिसे तपासून झाल्यावर ते गेटकडे पाठ फिरवायचे, हायवेपर्यंत चालत जायचे आणि एसटीला हात करून पोलादपूरला परत जायचे. वीस किलोमीटर यायचं, गेटला हात लावायचा आणि परत. रजेच्या अर्जावर कारण एकच: पोट.

मिस्त्री हे त्यांचं नाव नव्हे. हुद्दाही नव्हे, हुद्दा फिटर. पण सव्वीस वर्षं एकाच कारखान्यात पाना फिरवल्यावर माणसाचं नाव झिजून जातं आणि हाक तेवढी उरते. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्यात नव्वदच्या दशकाच्या शेवटी शेवटी शिफ्ट केमिस्ट म्हणून लागलो. शिफ्ट केमिस्ट म्हणजे काय, तर बाटलीत नमुना घ्यायचा, त्यात थेंब थेंब काहीतरी सोडायचं आणि रंग बदलला की आकडा लिहायचा. रंग बदलला नाही तर मागच्या शिफ्टचा आकडा लिहायचा. यातलं दुसरं मला कॉलेजात शिकवलं नव्हतं, ते मी स्वतःच्या बुद्धीनं शोधून काढलं होतं.

पोलादपूरला एसटी स्टँडच्या मागे आमच्या खोल्या शेजारी शेजारी होत्या. मी घाटावरून आलेला, कोकणात कुणी ओळखीचं नाही. मिस्त्री बायको गेल्यापासून एकटे. त्यांचं गाव वर, कुडपणच्या वाटेवर, डोंगरात. तिथं बहीण आणि भाचा. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कायदा सांगून टाकला. "गेटाच्या आत तू साहेब. गेटाच्या भाईर तू पोरगा. घोटाळा करू नको." मी घोटाळा केला नाही. पुढे जो केला तो वेगळा.

त्यांच्या तऱ्हा किती सांगाव्यात. कॅन्टीनमध्ये ते कायम अर्धा कप चहा घ्यायचे. पूर्ण कप भरला तर पोऱ्याला परत पाठवायचे, "अर्धा ओतून आण." रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणारा हा माणूस पगाराच्या रजिस्टरवर अंगठा उठवायचा. पेपरही हातात धरायचे नाहीत. जमिनीवर पसरायचे, चार कोपऱ्यांवर चार नट ठेवायचे आणि उकिडवे बसून वाचायचे. कुणाच्या हातात कधी वस्तू द्यायचे नाहीत. आधी ती टेबलावर ठेवायची, मग म्हणायचं, "घे." मला वाटायचं, हे सोवळं असावं. मग वाटलं, कंजूषपणा असावा. अर्धा कप चहा आणि वाचवलेली शाई. माझ्या डोक्यात कारणांची कमतरता कधीच नव्हती, खऱ्या कारणाची तेवढी होती.

रविवारी मिस्त्री सावित्रीवर गरवायला जायचे. मला बरोबर न्यायला लागले, कारण मी गप्प बसत नाही आणि त्यांना बोलायचं नसायचं. अशा जोडीचं बरं जमतं. पण गळ हातात देण्याआधी त्यांनी मला चार रविवार नुसता सांधा शिकवला.

सांधा म्हणजे मोठी दोरी आणि पुढची दोरी यांचा जोड. काठीपासून येणारा तंगूस जाड असतो, त्याला दम असतो. गळाच्या आधीचा हात-दीड हात तंगूस बारीक. तो माशाला दिसत नाही, आणि दगडाला गळ अडकलाच तर तेवढाच तुटतो, बाकीची दोरी वाचते. सगळा जीव त्या दोघांच्या मधल्या गाठीत. जाड दोरी दुमडून तिचा फासा करायचा. बारीक दोरी त्या फाशातून आत घ्यायची, फाशावरच दहा वेढे घट्ट शेजारी शेजारी द्यायचे आणि पुन्हा त्याच फाशातून बाहेर काढायची.

"ज्या बाजूनं आत गेली त्याच बाजूनं भाईर," मिस्त्री म्हणायचे. "दुसऱ्या बाजूनं काढलीस तर दिसायला तश्शीच दिसेल. पण सुटेल."

"आणि थुंकी कशाला?"

"सुकी ओढलीस तर तंगूस तापतो. तापला की आतून मरतो. भाईरून कळत नाय." ते गाठ तोंडात धरून ओली करायचे, दातांनी हळूहळू ताणायचे. आणि गाठ आवळली की "बसली" म्हणायचे. "झाली" नाही, "बांधली" नाही. बसली.

पाचव्या रविवारी माझ्या गळाला काहीतरी लागलं. तो मासा मी पाहिला नाही, त्यामुळे त्याची लांबी मी आजवर मोकळ्या मनानं सांगत आलो आहे. काठी वाकली, दोरी करकरली, आणि मग एकदम सगळं हलकं. मी दोरी गोळा केली. टोक हातात आलं ते डुकराच्या शेपटीसारखं कुरळं. म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, पण चांगलं नसणार एवढं त्या टोकाकडे पाहूनच कळत होतं. मिस्त्री शंभर पावलांवर होते. गाठीचं उरलेलं शेपूट कापायला आम्ही अर्धं ब्लेड जवळ ठेवायचो. मी ते कुरळं टोक ब्लेडनं उडवलं, आणि मग मोठ्यानं बोंबललो.

"मिस्त्री, तुटली! केवढा होता!"

मिस्त्री आले. मासा केवढा, हे त्यांनी विचारलंच नाही. दोरीचं टोक चिमटीत धरलं, चिमटी दगडावर टेकवली आणि ते उजेडाकडे करून पाहिलं.

"दोरीची टोकं तीनच असतात, रे," ते म्हणाले. "गाठ सुटली तर कुरळं. ओढानं तुटली तर पांढरं पडतं, ओढून सुईसारखं बारीक होतं." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आणि सपाट असलं तर ब्लेड."

मी नदीकडे बघायला लागलो. नदीनंही काही मदत केली नाही.

"मासा गेला त्याचं काय नाय," ते म्हणाले. "आपल्या हातानं गेला का दोरीनं गेला, ते तरी खरं ठेवावं. नायतर पुढची गाठ कशी बसायची?"

मग आम्ही घरी आलो. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. फक्त कारखान्यात तीन ठिकाणी तो मासा तीन वेगवेगळ्या लांबीचा सांगितला.

कंपनीची गाडी सकाळी सव्वासातला पोलादपूरहून निघायची. मी मिस्त्रींच्या शेजारी, खिडकीत ते. गाडीनं गाव सोडलं की ते खिशातली काडेपेटी काढायचे, दोन तुकडे मांडीवर ठेवायचे आणि सांधा बांधायला घ्यायचे. सगळी गाडी झोपलेली असायची. ते बांधायचे, दातांनी ओढायचे. बसली तर ती गाठ ब्लेडनं कापून खिडकीबाहेर टाकायचे, तुकडे पेटीत ठेवायचे आणि डोळे मिटायचे. नाही बसली तर परत. बिरवाडीचा फाटा जाईपर्यंत बसली नाही तर मात्र पेटी बंद करायचे आणि समोर बघत राहायचे.

त्या दिवशी ते गेटवरून परत जायचे.

हे लक्षात यायला मला सहा महिने लागले. लक्षात आलं तेव्हा मला शोध लावल्याचा आनंद झाला. कौल लावून कामाला हात घालणारी माणसं मी इथं पाहिली होती. देवापुढे कळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मिस्त्रींनी कंपनीच्या गाडीत तंगुसाचा कौल लावला होता. केवढी गंमत. मी ती जपून ठेवली. चांगली गंमत मी कधी लगेच खर्च करत नाही.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असायची. पाने, हातोडे, टाँग, सगळं घासूनपुसून पांढऱ्या कापडावर मांडायचे, वर झेंडूचं फूल. मिस्त्रींचा मोठा पाना मधोमध, मानाचा. पूजा झाली की पेढे, आणि मग करमणुकीचा कार्यक्रम. कुणी गाणं म्हणायचं, कुणी पेटी वाजवायचं. त्या वर्षी मी नकला केल्या.

मॅनेजरची करायची सोय नव्हती, वॉचमनची केली तर तो दुसऱ्या दिवशी चपलेपर्यंत तपासणार. मी मिस्त्रींची केली. अर्धा कप चहा परत पाठवणारे मिस्त्री. चार नट ठेवून पेपर वाचणारे मिस्त्री. रजिस्टरवर अंगठा उठवून मग त्याच रजिस्टरमधली सगळ्यांची नावं वाचणारे मिस्त्री. लोक हसून हसून एकमेकांवर पडत होते. मी एवढा रंगात आलो की माझी मलाच दाद द्यावीशी वाटली. मिस्त्री पहिल्या रांगेत जमिनीवर बसले होते. तेही हसत होते. दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून बसले होते, हे मी बघितलं. बघितलं, आणि ती बसण्याची तऱ्हाही लगेच नकलेत घेतली. त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

कार्यक्रम संपल्यावर सेफ्टी ऑफिसर माझ्याजवळ आले. शांत, सरळ माणूस. पेढा हातात तसाच.

"छान केलंत," ते म्हणाले. "पण मिस्त्री अर्धाच कप का घेतात हो?"

"तऱ्हा, साहेब."

"आणि सही का करत नाहीत? आधी करायचे. कामाच्या जुन्या परमिटवर सह्या आहेत त्यांच्या. वळणदार."

हे मला माहीत नव्हतं. पण एवढा मोठा माणूस आपल्याला विचारतोय म्हटल्यावर मला आपण बरंच काही जाणतो असं दाखवायची हौस आली. आणि मी ती जपून ठेवलेली गंमत खर्च केली. "याच्यापेक्षा भारी सांगतो, साहेब," म्हणालो. गाडीतला सांधा, बिरवाडीचा फाटा, गेटवरून परत, पोटदुखी, सगळं. एवढ्यावर थांबलो नाही. माझ्या लॉगबुकात शिफ्टला फिटर कोण होता ते लिहिलेलं असे. मी चौदा महिन्यांच्या तारखा काढून एका कागदावर लिहून दिल्या. आधी महिन्याला एक, मग दोन, मग चार, मग सहा.

"मिस्त्रींचं पोट वाढत चाललंय, साहेब," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी कागदाची घडी केली. माझ्या लॉगबुकातले बाकीचे आकडे कसे असायचे ते मी वर सांगितलंच आहे. त्या कागदावरची तारीख न् तारीख मात्र खरी होती.

मी मुक्कामाला आलो आणि कंदील साफ करत बसलो. लाइट गेली होती. काच हातात फिरवता फिरवता मला ते कळलं. एखाद्याची नक्कल हुबेहूब उतरते आणि नक्कल करणाऱ्याला ती कशाची आहे हेच माहीत नसतं, तसं झालं होतं. अर्धा कप, कारण पूर्ण कप सांडतो. अंगठा, कारण सही नीट येत नाही. पेपर जमिनीवर, कारण हातात धरला की वाजतो. मी सगळ्या कारखान्यापुढे, पेढे वाटता वाटता, त्यांच्या हाताच्या कंपाचं प्रात्यक्षिक करून दाखवलं होतं. शेजारच्या खोलीतून मिस्त्रींनी विचारलं, "जेवलास का रे?" मी जेवलो म्हणालो.

आमच्याकडे ॲसिडच्या लाइनवर काम करताना फिटर फ्लँज, म्हणजे पाइपांचा जोड, सोडवतो तेव्हा खाली हेल्पर उभा असतो. पाना घसरला तर काय होईल हे मी सांगत बसत नाही. मिस्त्रींना ते माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. म्हणून तर रोज सकाळी ते स्वतःचे खिसे तपासत होते. नोकरी दोन वर्षांची उरली होती. त्यांचं एकच म्हणणं असायचं, "पाना हातात असताना रिटायर व्हायचं. टेबलाशी बसवून नाय." ते मी पन्नासदा ऐकलं होतं आणि दरवेळी मान हलवली होती.

चार दिवसांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही. मॅनेजर, सेफ्टी ऑफिसर, मिस्त्री आणि दाराशी मी.

सेफ्टी ऑफिसर म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. तुमची ती गाठ आम्हाला बघायची आहे."

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. नेमकं बघितलं असंही नाही. नजर माझ्यावरून गेली. मग त्यांनी खिशातली काडेपेटी काढली. टेबलाला वर काच होती. त्यांनी जाड तुकडा दुमडला आणि बारीक तुकडा उचलला. त्याचं टोक काचेवर वाजायला लागलं. टिक टिक टिक टिक. एसी चालू होता, तरी ऐकू येत होतं. मॅनेजर कागदांत बघायला लागले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं, सुट्ट्यांसकट.

पहिली बसली नाही. दुसरी बसली नाही. तिसऱ्या खेपेला त्यांनी कोपरं टेबलावर रोवली, श्वास धरला आणि एकेक वेढा असा घातला की जणू तो शेवटचाच. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. मग गाठ तोंडात धरली, ताणली आणि काचेवर ठेवली.

"ओढा, साहेब."

सेफ्टी ऑफिसरनी दोन्ही टोकं बोटांना गुंडाळून जोरात ओढली. त्यांच्या बोटांवर वळ उठले. गाठ जागची हलली नाही.

मला वाटलं, सुटलो. आम्ही दोघंही सुटलो.

"बसलीय," सेफ्टी ऑफिसर म्हणाले. पुढचं विचारणं त्यांनाही जड जात होतं. "मिस्त्री, उद्या बसेल?"

'हो' म्हणायला काय जात होतं. मी असतो तर 'हो' म्हणून वर दोन उदाहरणं दिली असती. मिस्त्री त्या गाठीकडे बघत राहिले.

"ते उद्या सकाळी गाडीत कळेल, साहेब," ते म्हणाले.

मॅनेजरनी समोरचे कागद सरळ केले.

"ज्या दिवशी बसत नाय त्या दिवशी मी पान्याला हात लावत नाय," मिस्त्री म्हणाले. "चौदा महिन्यांत एक नट चुकला नाय. रजिस्टर बघा."

"बघितलं," सेफ्टी ऑफिसर हळूच म्हणाले. "गाडीत बसते, मिस्त्री. पण दुपारी दोनला?"

मिस्त्रींनी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते कळलं नाही. पण ते वाद घालणार नव्हते. वॉचमनची बाजू घेणारा माणूस तो.

त्यांना टूल रूममध्ये बसवलं. पितळी बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा. आता ते दुसऱ्यांचे पाने टेबलावर ठेवून "घे" म्हणायचे. गाडीत पेटी उघडत नव्हते. वॉचमन खिसा चाचपायचा, पेटी सापडायची, पण उघडायचा नाही. "जा मिस्त्री," म्हणायचा. त्याचंच मिस्त्रींना जास्त लागलं असावं.

साहेबांना कुणी सांगितलं, हे त्यांनी मला विचारलं नाही. तरी एका संध्याकाळी, न विचारता, मीच म्हणालो, "गाडीतलं ते साहेबांना कुणी सांगितलं असेल हो? कुणीतरी झोपेचं सोंग घेत असणार."

मिस्त्री खालच्या पेपरवर वाकले होते. "असंल," म्हणाले, आणि एक नट सरळ केला.

शिमग्याला ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. कागदपत्रं भाचा येऊन करून गेला. खोली महिन्याभरात दुसऱ्याला दिली.

मी त्यांच्या गावी गेलो तो थेट भातं कापणीला आली तेव्हा. इतके महिने का गेलो नाही, याची माझ्याकडे आठ-दहा कारणं तयार होती आणि ती मी वाटेत घोकत होतो. पोलादपूरहून जीप, मग पायवाट. मिस्त्री ओटीवर बसले होते. डावा हातही आता उजव्यासारखाच झाला होता. दोन्ही हात मांडीवर पडले होते आणि आपापलं चालले होते. मिस्त्री त्यांच्याकडे बघतही नव्हते.

"साहेब आलं," बहिणीला म्हणाले.

"गेटाच्या भाईर पोरगा," मी म्हणालो.

ते थोडे हसले. कोरा चहा आला. त्यांचा कप अर्धाही नव्हता, आणि तो भाच्यानं धरला.

मग त्यांनी खिशाकडे हनुवटी केली. "पेटी काढ. सांधा बांध. सावित्रीवर जायचंय मला येकदा. भाचा नेतो म्हणतो. त्याला काय बांधता येत नाय, आणि माझं हे असं."

मी बांधला. त्यांनी मान पुढे करून एक टोक दातांत धरलं आणि मला दुसरं ओढायला सांगितलं. सुटला. माझ्या हातात टोक आलं ते कुरळं.

"परत."

परत सुटला. "कुठल्या बाजूनं काढलीस?" "त्याच." "नाय. बघ." खरंच नाही. परत. पाचवा, सहावा. ऊन ओटीवरून खाली उतरलं. समोरच्या खाचरात माणसं वाकून भात कापत होती. आठव्या की नवव्या खेपेला वेढे मोजता मोजता माझ्या तोंडून निघून गेलं, "मिस्त्री, गाडीतलं साहेबांना मीच सांगितलं. तारखाही मीच काढून दिल्या."

"म्हायत हाय," मिस्त्री म्हणाले. "सातवा वेढा चढलाय बघ. काढ आणि परत घाल."

मी काढून परत घातला. त्याच बाजूनं बाहेर काढला. गाठ मला नीट दिसत नव्हती. थुंकी लावली. त्यांनी दातांत धरली, मी ओढली. बोट कापेल असं वाटलं तोवर ओढली. हलली नाही.

मी वाट बघितली. ते "बसली" म्हणाले नाहीत. दातांतलं टोक सोडलं आणि म्हणाले, "पेटीत ठेव. नदीवर गेल्यावर कळेल. अंधार व्हायच्या आत खाली जा, जीप चुकंल."

थंडी संपता संपता एका सकाळी मी गाडीतून गेटवर उतरलो तर वॉचमन रांग सोडून माझ्याकडे आला. हातात काडेपेटी. मागे मिस्त्रींचा भाचा उभा होता, डोक्याचं मुंडण केलेलं.

"मामा गेले," भाचा म्हणाला. "बारा दिवस झाले. ही तुमाला द्यायला सांगितली होती. आणि निरोप सांगितला होता."

"काय?"

"गाठ बसली होती म्हणाले. तंगूस तुटला."

मी पेटी उघडली. माझी गाठ तशीच होती, दहा वेढे, सातवा अजूनही किंचित वर. जाड दोरी वीतभर. गाठीच्या पुढे बारीक तंगूस दोन बोटं, आणि तिथं तो संपला होता.

"नदीवर कधी गेले होते?" मी विचारलं.

"नदी कुठली हो," भाचा म्हणाला. "तुमी येऊन गेला, त्याच्यानंतर चार दिसांत आडवे झाले ते उठलेच नाय. येकदा तेवढं ब्लेड मागितलं. म्हटलं मामा दाढी मी करतो, तर नाय म्हणाले. राती आईला पेटी धरायला लावून काय तरी करत बसले होते दोघं. दाढी काय केली नाय."

मी बारीक तंगुसाचं टोक चिमटीत धरलं. चिमटी थरथरायला लागली म्हणून गेटच्या खांबाला टेकवली आणि उजेडाकडे करून पाहिलं. पांढरं नव्हतं. ओढून बारीक झालेलं नव्हतं. सपाट होतं.

भाचा माझ्या तोंडाकडे बघत होता. "मामा म्हणाले, तुमाला टोक बघून कळंल. काय कळलं?"

मागे रांग खोळंबली होती. वॉचमनही ऐकत थांबला होता.

"तुटलंय," मी म्हणालो. "तंगूसच तुटला."